मुंगीचा चाकू

सासरे गेले तेव्हा त्यांच्यामागे फार काही निघालं नाही. दोन कोट, एक रेडिओ, बियांच्या पुड्यांनी भरलेला पत्र्याचा डबा आणि एका जुन्या पायमोज्यात गुंडाळलेला घडीचा चाकू. मोज्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली होती. ‘मुंगीसाठी. केव्हा द्यायचा ते जावईबापूंनी ठरवावं. ते रोज कापलेली बोटं बघतात, त्यांना कळेल.’

जावईबापू म्हणजे दवाखान्यातला ड्रेसर. जखम धुवायची, पट्टी बांधायची, डॉक्टर टाके घालताना त्यांच्या हाताशी उभं राहायचं आणि आठव्या दिवशी तेच टाके काढायचे, हे काम तो सतरा वर्षं करत होता. चिठ्ठी वाचल्यावर त्याला वाटलं, म्हाताऱ्याने जाता जाता आपली फिरकी घेतली. सासऱ्यांना ती सवय होतीच. रोपवाटिकेत गुलाबांना डोळे भरण्यात सगळं आयुष्य गेलेलं, म्हणजे एका झाडाचा कोंब काढून दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवायचा. दिवसभर झाडांशी काम, त्यामुळे माणसांशी बोलणं बेताचं. आणि बोललेच, तर आपल्याला टोमणा बसला हे ऐकणाऱ्याला घरी पोचल्यावर कळायचं.

मुंगी म्हणजे त्यांची नात, वय वर्षं नऊ. हे नावही त्यांनीच ठेवलेलं, कारण चालायला लागल्यापासून ही पोरगी रिकाम्या हाताने कुठे गेली नाही. खडा, काडी, बाटलीचं झाकण, दुसऱ्या कुणाची तरी चप्पल, काहीतरी उचलून इकडचं तिकडे चाललेलंच. शाळेच्या हजेरीतलं नाव वेगळं होतं, पण घरात ते कुणी घेतलं की आपलं काहीतरी चुकलंय हे तिला लगेच उमगायचं.

चिठ्ठी लपवायला हवी होती, हे ड्रेसरच्या फार उशिरा ध्यानात आलं. तोवर मुंगीने ती दोनदा वाचली होती.

“मग केव्हा?” तिने विचारलं.

“बघू.”

“बघू म्हणजे केव्हा?”

“बघू म्हणजे बघू,” तो म्हणाला आणि चाकू मोज्यासकट कपाटावर ठेवून दिला.

त्याच्या बायकोला यात एवढं बघण्यासारखं काय आहे ते कळेना. ती शाळेची बस चालवायची. चाळीस पोरं पाठीशी घेऊन रोज शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या बाईला छोट्या गोष्टींची भीती वाटेनाशी होते. आपल्याला सातव्या वर्षी वडिलांनी चाकू दिला होता, असं तिने सांगितलं. त्यावर त्याने तिच्या तर्जनीवरच्या पांढऱ्या रेषेकडे नुसतं पाहिलं. ती म्हणाली की हे बोट कापल्यापासून गेल्या तीस वर्षांत दुसरं बोट कापलेलं नाही, याचाही हिशेब धरा.

पण त्याच्या डोळ्यांसमोरून दिवसभर काय काय जायचं ते तिला कुठे ठाऊक होतं. पत्र्याने चिरलेला तळवा, काचेवर पडलेलं ढोपर, पाव कापताना अर्ध्यावर गेलेलं नख. माणसं फडक्यात हात गुंडाळून येत, चेहरा पांढराफटक, आणि पहिलं वाक्य सगळ्यांचं एकच, कसं झालं कळलंच नाही. पूर्वी तो यावर मान डोलावून कामाला लागायचा. आता तो विचारू लागला. कसं धरलं होतं? बसून की उभ्याने? तेव्हा कुणाशी बोलत होता का? एका सुताराने तर त्याला सुनावलंच, “मास्तर, तुम्ही पट्टी बांधताय की जबानी घेताय?” पण सुताराने शेवटी सांगितलं ते त्याने मनात टिपून ठेवलं. धारदार हत्याराने हात कापून घेतला असा दिवस त्याला आठवत नव्हता. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि तो जोरच अंगावर येतो.

अशा रीतीने महिनाभरात नियम तयार झाले. ते त्याने दवाखान्याच्या कोऱ्या केसपेपरच्या मागे लिहून काढले. चाकू फक्त बसून वापरायचा. हात लांब करून गोल फिरवला तर त्या गोलात कुणी असता कामा नये. पातं नेहमी अंगापासून दूर चालवायचं. दुसऱ्याला देताना मिटून द्यायचा. उघडा चाकू घेऊन एक पाऊलसुद्धा चालायचं नाही. आणि सहावा नियम, जो त्याला स्वतःला फार आवडला होता: चुकलं तर कारण सांगायचं नाही, कारणं ऐकायला मी दवाखान्यात बसलोच आहे.

मुंगीने नियम एकाच संध्याकाळी पाठ केले. मग ठरलं असं, की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी परीक्षा. मागच्या गॅलरीत स्टुलावर बसून, बाबांच्या देखत, बोटाएवढ्या जाड काठीची साल पाच वेळा सरळ काढून दाखवायची. दाखवली की चाकू तिचा. नाही जमलं तर परत कपाटावर, पुढच्या महिन्यापर्यंत.

पहिल्या रविवारी मुंगी वेळेआधी दहा मिनिटं स्टुलावर येऊन बसली होती. तिने हात गोल फिरवून पाहिला, चाकू उघडला, काठी गुडघ्यावर टेकवली. पहिल्याच फटक्यात पातं सालीऐवजी लाकडात घुसून अडकलं. तिने ते सोडवलं, पुन्हा चालवलं. या वेळी ते काठीवरून उसळलं आणि सरळ गॅलरीच्या कठड्याला जाऊन लागलं. ड्रेसर इतक्या झटकन उभा राहिला की त्याच्या मागची खुर्ची पडली.

“अजून वेळ आहे,” तो म्हणाला.

तिने चाकू मिटला, मोज्यात घातला, त्याच्या हातात दिला. नियमाप्रमाणे.

दुसऱ्या महिन्यात पातं तिच्या फ्रॉकच्या घेरातून आरपार गेलं, मांडीला लागलं नाही एवढंच. तिसऱ्या महिन्यात ती अगदी सावकाश काम करत होती, जिभेचं टोक दातात धरून, आणि दोन साली खरोखरच सुटल्याही. पण तिसऱ्या वेळी चाकू उसळला आणि काठी धरलेल्या अंगठ्यावर आला. जखम पाव इंचाची, वरवरची. ड्रेसरने ती धुतली, औषध लावलं, एवढीशी पट्टी बांधली. असे अंगठे त्याने शेकड्यांनी बांधले असतील. पण या वेळी पट्टीची गाठ मारताना त्याची बोटं थरथरली.

“तू अजून तयार नाहीस मुंगे,” तो म्हणाला. “यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. कुणाचा हात लवकर बसतो, कुणाचा उशिरा.”

तिने मान हलवली आणि पट्टी बांधलेला अंगठा मुठीत झाकून आत निघून गेली.

बायकोने मात्र त्याला त्या संध्याकाळी चांगलंच धारेवर धरलं. ही पोर चौथ्या वर्षापासून स्वतःचं सफरचंद स्वतः कापते, बाहुल्यांचे कपडे शिवते, सायकलची निसटलेली चेन बसवते, आणि नेमकी याच एका कामात हात कसा बसत नाही, असं तिचं म्हणणं. ड्रेसरने खांदे उडवले. चाकूला धार आहे का ते बघून घ्या, असंही ती म्हणाली. धार होती. त्याने स्वतःच्या नखावर पाहिली होती. खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. आणखी एक महिना मिळाला होता. असेच महिने जोडत गेलं तर पोरगी दहाची होईल, बाराची होईल, मग तिचा नाद सुटेल आणि चिठ्ठीचा मानही राहील. आपण पोरीच्या नापास होण्यावर खूश आहोत, हे त्याला दात घासताना आरशात पाहून अचानक जाणवलं. त्याने चूळ भरली आणि दिवा मालवला.

पुढच्याच आठवड्यात रोपवाटिकेतल्या बाई ड्रेसिंगला आल्या. त्या सासऱ्यांच्या हाताखाली काम शिकल्या होत्या आणि आता त्यांच्याच जागी होत्या. काटा रुतून बोट पिकलं होतं, तीन दिवस पट्टी बदलायला यावं लागणार होतं. पहिल्या दिवशी गुरुजींच्या (सासऱ्यांना त्या गुरुजी म्हणत) आठवणी निघाल्या. त्या ओघात ड्रेसरने चाकूची गोष्ट काढली. खरं तर त्याला दुजोरा हवा होता. नऊ वर्षं म्हणजे लहानच, असं कामातल्या माणसाने म्हणावं एवढीच इच्छा होती.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पातं कधी आत घुसतं, कधी उसळतं, हे त्याने सांगितलं तेव्हा त्यांच्या भुवया आक्रसल्या.

“मुलगी डावरी आहे का?”

“हो,” तो म्हणाला. त्यात सांगण्यासारखं काय होतं? मुंगी डाव्या हाताने लिहायची, डाव्या हाताने चेंडू फेकायची, जेवताना कोपर लागतं म्हणून टेबलाच्या कडेच्या खुर्चीवर बसायची.

बाई हसल्या. ट्रेमधली जीभ दाबायची चपटी लाकडी काडी त्यांनी चांगल्या हातात घेतली आणि ड्रेसरच्या पेनवर आडवी ठेवली. डोळा भरायच्या चाकूला एकाच बाजूने धार काढतात, त्यांनी समजावलं. दुसरी बाजू पाटीसारखी सपाट. सपाट बाजू लाकडावर टेकली तर चाकू तुमचं ऐकतो. तोच चाकू डाव्या हातात दिला की बाजू उलटते आणि मग तो स्वतःच्या मनाने चालतो. गुरुजी उजवे होते.

“या चाकूने डाव्या हाताने दोन साली सरळ काढल्या म्हणता?” बाई म्हणाल्या. “मला नाही जमायच्या.”

ड्रेसरने त्यांच्या बोटाला पट्टी गुंडाळली. नेहमीपेक्षा दोन वेढे जास्तच गेले.

हे त्याने त्याच दिवशी घरी सांगायला हवं होतं. घरी जाताना तो तसं ठरवूनच निघाला होता. पण दारात मुंगी भेटली, तिच्या हातात कुठूनतरी आणलेला खिळ्यांचा पुडा होता, आणि तिच्या अंगठ्यावर ती पट्टी. त्याने विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी बायकोच्या बसचं काहीतरी बिघडलं होतं, तेच बोलणं चाललं. तिसऱ्या दिवशी काहीच अडचण नव्हती, तरी तो मूग गिळून बसला. अडचण नसताना गप्प बसायला जास्त कष्ट पडतात, हे त्याला त्या संध्याकाळी कळलं. चौथा दिवसही तसाच गेला.

पाचव्या दिवशी मुंगीने शाळेतून चिठ्ठी आणली. वर्गशिक्षिकांनी लिहिलं होतं की गेला आठवडाभर मुलीचं अक्षर अतिशय बिघडलं आहे, दोन ओळी लिहायला तास लागतो, हाताला काही दुखापत झाली आहे का? सोबत वही होती. बायकोने ती उघडून त्याच्यासमोर धरली. अक्षरं वाकडीतिकडी, मोठी-लहान, रेघेच्या वर-खाली, पहिलीतल्या पोराने काढल्यासारखी.

“अंगठ्याचं काही?” बायकोने विचारलं.

“पट्टी तर उजव्या अंगठ्याला आहे,” तो म्हणाला. “लिहिते डाव्याने.”

दोघं उठून मागच्या गॅलरीत गेले. मुंगी स्टुलावर बसली होती. गुडघ्यावर काठी, आणि पट्टी बांधलेल्या उजव्या हातात लाकडी फूटपट्टी. ती फूटपट्टी काठीवरून पुढे सरकवत होती, अंगापासून दूर, पुन्हा मागे आणून पुन्हा पुढे. तोंडाने आकडे मोजत होती. एकशे बारा, एकशे तेरा.

“हे काय चाललंय?” बायको म्हणाली.

मुंगी थांबली. “उजव्या हाताला शिकवतेय.”

“आणि शाळेत?”

“तिथेपण त्याच्याकडूनच लिहून घेते. म्हणजे लवकर शिकेल.”

ड्रेसर तिच्यासमोर उकिडवा बसला. “उजव्या का?” त्याने विचारलं, जरी उत्तर त्याला पाच दिवसांपासून माहीत होतं.

“चाकू उजवा आहे ना,” ती म्हणाली. “त्याची एक बाजू सपाट आहे आणि एक उतरती. आजोबा उजव्या हातात धरायचे तेव्हा सपाट बाजू खाली यायची. माझ्या हातात उलटी येते.”

“तुला कधी कळलं?”

“दुसऱ्या रविवारी. फ्रॉक फाटला तेव्हा.”

“मग सांगितलं का नाहीस?”

मुंगीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असं काय विचारतात बाबा, एवढंच होतं. “चुकलं तर कारण सांगायचं नाही,” ती म्हणाली. “सहावा नियम.”

बायको कठड्याला टेकून रस्त्याकडे बघू लागली. नवऱ्याला एकट्याने बोलू द्यावं अशा वेळा ती बरोबर ओळखायची.

दवाखान्यात लोकांना खरं सांगायची त्याला सवय होती: दुखेल, व्रण राहील, हे नख आता नीट यायचं नाही. ते सोपं होतं. “मुंगे,” तो म्हणाला, “मलाही कळलं होतं. रोपवाटिकेतल्या बाईंनी सांगितलं, गेल्या सोमवारी. आज शुक्रवार. मी बोललो नाही.”

“का?”

“तुला चाकू द्यायचा नव्हता म्हणून. मला भीती वाटते.”

तिने फूटपट्टी मांडीवर आडवी ठेवली. “पण तुम्हाला तर सगळं बांधता येतं,” ती म्हणाली.

“तुझं बांधताना हात थरथरतो.”

“माहितेय,” मुंगी म्हणाली. “गाठ सैल होती. आईने परत बांधून दिली.”

बायकोला हसू आवरेना, म्हणून ती आत गेली.

सहावा नियम त्याच संध्याकाळी खोडला गेला. मुंगीने केसपेपर आणून त्याच्यासमोर ठेवला आणि पेन दिलं. त्याने रेघ मारली. तिथे दुसरं काही लिहायचं का, असं तिने विचारलं, पण ती जागा रिकामीच राहिली.

रविवारी तिघं रोपवाटिकेत गेले. आजोबा जिथे बसायचे ती पत्र्याची शेड, दोन लांब टेबलं, मातीच्या कुंड्यांच्या उतरंडी, आणि सगळीकडे ओल्या सालीचा वास. बाईंचं बोट बरं झालं होतं. त्यांनी चाकू उघडून पातं उजेडात धरलं आणि दोन वाटा सांगितल्या. एक तर हा असाच ठेवून द्यायचा, आठवण म्हणून, आणि मुंगीला दोन्ही बाजूंनी धार असलेला साधा चाकू घ्यायचा. नाहीतर यालाच दगडावर घासून डावा करायचा. पण मग पातं बरंच झिजेल, अरुंद होईल, आणि गुरुजींनी चाळीस वर्षं राखलेली धार ती पुन्हा यायची नाही.

सगळ्यांनी ड्रेसरकडे पाहिलं. चिठ्ठीत त्याचंच नाव होतं. त्याची बायको जरा पुढे झाली होती. शेवटी चाकू तिच्या वडिलांचा.

“चाकू हिचा आहे,” ड्रेसर म्हणाला. “हिला विचारा.”

“म्हणजे दिला?” मुंगीने विचारलं.

“दिला.”

मुंगीने आधी आईकडे पाहिलं. “आजोबांनी केला असता का डावा?”

“त्यांना सुचलं असतं तर दिवस उगवायच्या आत करून ठेवला असता,” आई म्हणाली. “तू डावरी आहेस हेच विसरले असणार. झाडाची पानं मोजायचे, माणसांचे हात त्यांच्या लक्षात राहायचे नाहीत.”

“मग करा डावा,” मुंगी म्हणाली.

बाईंनी दगडावर पाणी टाकलं. काम चांगलं दोन तास चाललं. अर्ध्या तासाने त्यांनी चाकू मुंगीच्या हाती दिला आणि पुढचं तिच्याकडून घासून घेतलं, कोन कसा धरायचा ते मागून हात धरून दाखवत. दगडावरून राखाडी पाणी ओघळत होतं. मुंगीच्या आईने ते थोडा वेळ पाहिलं, मग बाहेर जाऊन कुंड्यांमधून एक फेरी मारून आली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण ‘झालं का गं?’ हे तिने नेहमीच्याच आवाजात विचारलं. ड्रेसर मात्र एका उलट्या कुंडीवर बसून राहिला. हात मांडीखाली दाबून ठेवले होते, म्हणजे ते मध्येच पुढे जायला नकोत.

पातं झालं तेव्हा पूर्वीच्या दोन-तृतीयांश उरलं होतं. मुंगीने काठी घेतली, हात गोल फिरवून पाहिला, बसली. सालीची पहिली पट्टी वीतभर लांब निघाली, कागदासारखी. मग दुसरी. पाच झाल्यावर ती थांबली नाही, काठी पांढरी होईपर्यंत सोलत गेली.

त्या दिवसापासून ती दर रविवारी सकाळी रोपवाटिकेत जाऊ लागली. बाईंनी तिला कुंड्यांत लावलेले बारा जंगली गुलाबांचे खुंट दिले, डोळे भरायला शिकण्यासाठी. त्यांतले पहिले आठ वाळून गेले. बाई म्हणाल्या की गुरुजींनी आपले पहिले तीस वाळवले होते, असं तेच सांगायचे.

सहाव्या रविवारी ड्रेसर तिला आणायला गेला, तेव्हा ती टेबलाशी बसून नवव्या खुंटावर काम करत होती. तो दारातच उभा राहिला. मुंगीने सालीला उभी चीर दिली, चाकू वळवला, आणि तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. तिने चाकू मिटला. टेबलावर ठेवला. मग उजव्या हाताचं बोट वर धरून ती वळली आणि बाबांना पाहून जराही दचकली नाही.

“कापलं,” ती म्हणाली. “खुंट हलला. मी तो घट्ट धरला नव्हता.”

तो पुढे आला. बोट नळाखाली धरलं, उजेडात पाहिलं. टाक्याची गरज नव्हती. खिशात पट्टी होतीच. गेले सहा रविवार ती त्याच्या खिशात होती. त्याने वेढे दिले, गाठ मारली, आणि मुंगीने दुसऱ्या हाताच्या बोटाने ती ओढून पाहिली.

“घट्ट आहे,” ती म्हणाली.

“दुखतंय का?”

“थोडं. बाबा, तो खुंट धरा ना जरा. डोळा सुकायच्या आत बसवायला हवा.”

ड्रेसर तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला. मुंगीने चाकू उघडला. त्याने दोन्ही हातांनी खुंट खाली, मातीजवळ, घट्ट धरला, आणि ती वाकून कामाला लागली.